हॉस्टेलची दुरुस्ती झाली म्हणजे नक्की काय झालं?

"दुरुस्तीचे काम पूर्ण झाले असून विद्यार्थ्यांनी अमुक तारखेपासून वसतिगृहात रुजू व्हावे" असं एक परिपत्रक निघतं आणि सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो. पालकांचा, रेक्टरचा, आणि सगळ्यात जास्त त्या पोरापोरींचा, जे इतके आठवडे कुणाच्या तरी फ्लॅटवर हॉलमध्ये गादी टाकून, बॅगेतूनच कपडे काढून दिवस ढकलत असतात. त्या घाईत कुणी विचारत नाही की बाबांनो काम पूर्ण म्हणजे कसलं काम, कुठले कॉलम, कुणी तपासले, कागद कुठाय. माझं म्हणणं एवढंच आहे की खोलीची किल्ली द्यायच्या आधी तो कागद मुलांना दिसला पाहिजे, आणि तो दाखवता येत नसेल तर दुरुस्ती झाली असं विद्यापीठाने म्हणूच नये. हे जरा टोकाचं वाटेल कुणाला, पण सोसायटीत राहणाऱ्या माणसाला वाटणार नाही, कारण स्वतःच्या बिल्डिंगबद्दल तो याच्यापेक्षा कमी काही ऐकूनच घेत नाही.

ढाक्याचं बघा. २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार म्हणजे तिकडे सुट्टीचा दिवस, सकाळचे साडेदहा वाजून गेलेले आणि ५.७ तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र नरसिंगदीजवळ, म्हणजे शहरापासून फार लांब नाही. ढाका विद्यापीठाच्या हॉलमधून (हॉस्टेलला तिकडे हॉल म्हणतात) मुलांनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या आणि हातपाय मोडून घेतले. दुसऱ्या दिवशी परत धक्के. मग विद्यापीठाने ६ डिसेंबरपर्यंत बंद जाहीर करून रविवारी संध्याकाळपर्यंत हॉल रिकामे करायला सांगितले, इमारती तपासायच्या आहेत, दुरुस्ती करायची आहे म्हणून. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, भेगा पडलेल्या बिल्डिंगमधून माणसं बाहेर काढायलाच हवीत. पण मुलं खिडकीतून उड्या का टाकतात याचा विचार करा. ज्याला आपल्या डोक्यावरच्या स्लॅबचा भरवसा असतो तो टेबलाखाली जातो, नाहीतर जिन्याने खाली येतो.

आणि तो भरवसा नसायला तिथे जुनं कारण आहे. १५ ऑक्टोबर १९८५ च्या रात्री त्याच विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलमधल्या जुन्या सभागृहाचं छत कोसळलं होतं. एकेकाळी प्रांताचं विधिमंडळ भरायचं ती ही इमारत, नंतर मुलांची टीव्ही बघायची जागा झाली. बाहेर पाऊस पडत होता, टीव्हीवर मालिका लागली होती म्हणून मुलं जमली होती. ३९ जण गेले, त्यात विद्यार्थी होते, कर्मचारी होते, पाहुणे म्हणून आलेलेही होते. विद्यापीठ आजही दरवर्षी १५ ऑक्टोबरला शोकदिन पाळतं. शोकदिन पाळावा, जरूर पाळावा, पण चाळीस वर्षं पाळूनही हॉलमध्ये राहणाऱ्या पोराला आपली बिल्डिंग कुठल्या अवस्थेत आहे ते भूकंप आल्यावरच कळत असेल तर त्या दिवसाने नक्की काय शिकवलं म्हणायचं.

दुसरी गोष्ट, हॉल रिकामे करा हा आदेश तिथल्या मुलांनी आधीही ऐकलेला. सरकारी नोकऱ्यांमधल्या आरक्षणाच्या कोट्याविरोधात आंदोलन पेटलं होतं तेव्हा १७ जुलै २०२४ ला याच विद्यापीठाने संध्याकाळपर्यंत हॉल सोडायला सांगितलं होतं. तेव्हा कारण आंदोलन, यावेळी भूकंप, पण बॅग भरणाऱ्या पोराला आदेश सारखाच दिसतो. तुर्कस्तानातही ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर सरकारने विद्यापीठांचे वर्ग ऑनलाइन नेले आणि सरकारी हॉस्टेलं भूकंपग्रस्त कुटुंबांना दिली. कुटुंबांना छप्पर मिळालं हे चांगलंच झालं, त्याला कोण नाही म्हणेल, पण सगळ्यात सहज हलवता येणारा माणूस म्हणून सरकारला विद्यार्थीच दिसला हेही खरं. सांगायचं काय की हॉस्टेलमधल्या मुलाला बाहेर काढणं फार सोपं असतं. त्याच्याकडे ना भाडेकरार, ना शेअर सर्टिफिकेट, ना मतदारयादीत नाव. म्हणून त्याला परत आत घेतानाही कुणी काही समजावून सांगायच्या फंदात पडत नाही.

आपल्याकडे तर भूकंपाची वाट बघावी लागत नाही, पाऊस पुरतो. हॉस्टेलची बिल्डिंग सगळ्यात आधी खराब कुठे होते माहितीये? कॉमन संडास-बाथरूमच्या खाली. एका मजल्यावर पन्नास-साठ जणांच्या आंघोळी, कपडे, सतत पाणी, फरशीचे सांधे उघडे, खालच्या स्लॅबमध्ये वर्षानुवर्षं ओल. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, आणि गंज जागा जास्त खातो, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो, मग आतून दाब येऊन काँक्रीटचा थर सुटतो. तुम्हाला खालून दिसतात ते आधी पोपडे, मग सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, त्यातून ओघळलेले तांबूस डाग, आणि एक दिवस कुणाच्या तरी कॉटवर पडलेला तुकडा. समुद्राजवळ असाल तर हवेतल्या खारामुळे हे आणखी लवकर होतं.

आता याची दुरुस्ती दोन प्रकारांनी होते. एक म्हणजे खरी, की आधी टेकू लावायचे, सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई घासून साफ करायची, फार झिजली असेल तर नवी जोडायची, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टर नाहीतर मायक्रो काँक्रीट, कॉलम असेल तर जॅकेटिंग, म्हणजे त्याच्याभोवती नव्या काँक्रीटचं वेष्टन, आणि वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग उखडून नव्याने. हे घाण, आवाजाचं, खर्चाचं आणि वेळखाऊ काम आहे. दुसरा प्रकार म्हणजे सुटलेलं खरवडायचं, सिमेंटचा गिलावा मारायचा, पुट्टी, ऑफ-व्हाइट पेंट, आणि फोटो. तापाने फणफणलेल्या माणसाला आंघोळ घालून भांग पाडून बसवल्यासारखं हे. पेंट सुकला की डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तर कागद लागतो.

हे मला कळतं कारण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मी काही वर्षं सेक्रेटरी होते आणि त्या काळात मोठं रिपेअरिंग निघालं होतं. काय काय बघितलंय त्यात. आमचा कन्सल्टंट हातात छोटी हातोडी घेऊन फिरायचा, बीमवर टकटक करायचा, ठणठणीत आवाज आला की पुढे, बद्द वाजलं की खडूने गोल करून ठेवायचा. काँक्रीटचा टणकपणा बघणारी रिबाउंड हॅमर टेस्ट झाली, काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवायची अल्ट्रासॉनिक टेस्ट झाली, काही ठिकाणी काँक्रीटचे गोल तुकडे (कोअर) काढून लॅबला गेले. जनरल बॉडीत तो रिपोर्ट पानापानाने वाचला गेला, आणि वाचला म्हणजे काय, भांडून वाचला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी तर कॉलमचे नंबर पाठ केले होते आणि कॉन्ट्रॅक्टरला रोज गच्चीवर जाऊन पिडायचे. वैताग यायचा तेव्हा. पण त्या काकांमुळे आमचे कॉलम खरंच फोडले गेले, नुसते रंगवले गेले नाहीत.

आणि हे आमच्या हौसेवर नव्हतं, उपविधीच तसे आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी. मुंबईत पालिकेच्या कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र लागतं. आणि पालिकेची ती अक्षरं तर आता मुंबईच्या पोराटोरांनाही पाठ आहेत, सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत ठेवून स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. एका अक्षरात आणि एका आकड्यात बिल्डिंगची तब्येत कळते. मग हॉस्टेलच्या दारावर हे अक्षर का नसावं? दुरुस्तीच्या आधी काय होतं, दुरुस्तीनंतर काय झालं, खाली इंजिनियरचं नाव, लायसन्स नंबर, तारीख. एक ए-फोर कागद लॅमिनेट करून चिकटवायचा आहे. मेसचा मेनू चिकटवतात, रॅगिंगविरोधी बोर्ड लावतात, रात्री किती वाजता गेट बंद होणार त्याचं तर मोठ्ठं पोस्टर असतं.

जगात हे काही नवीन नाही. कॅलिफोर्नियात १९८९ साली भूकंपानंतरच्या तपासणीची एक पद्धत पुस्तिकेच्या रूपात आली, त्यात तपासणाऱ्याने इमारतीच्या दारावरच हिरवा, पिवळा किंवा लाल कागद लावायचा असतो, म्हणजे आत जा, मर्यादित वापर करा, किंवा पाऊल टाकू नका. न्यूझीलंडमध्ये नव्या इमारतीसाठी जी ताकद अपेक्षित आहे तिच्या ३४ टक्क्यांच्या खाली एखादी इमारत भरली तर ती भूकंपात धोक्याची ठरते आणि तशी नोटीस मालकाला दर्शनी भागात लावावी लागते, वर सरकारी यादीतही नाव येतं. म्हणजे आत पाय ठेवणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण कशात शिरतोय.

आता माझ्या भाचीचं सांगते. विद्यापीठाचं नाव घेत नाही, पण सरकारी आहे, महाराष्ट्रातलं आहे. तिच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये स्लॅबचा तुकडा पडला, सुदैवाने रात्री, कुणी नव्हतं. मुलींना तात्पुरतं दुसरीकडे कोंबलं, एका खोलीत पाच-सहा जणी. बऱ्याच दिवसांनी परत बोलावलं तेव्हा सगळं चकाचक, रंगाचा वास, खिडक्यांना नव्या जाळ्या, आणि किल्ली घेताना सही करायला एक छापील कागद. त्यात लिहिलेलं की मी माझ्या जबाबदारीवर वसतिगृहात राहत असून कोणत्याही दुर्घटनेस प्रशासन जबाबदार राहणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. भाचीने पण केली, मला नंतर सांगितलं, मी चिडले तर म्हणते, मावशी, परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, सही नाही केली तर राहू कुठे, तू फक्त रिपोर्ट माग म्हणतेस, मागितला तर मॅडम म्हणाल्या तो इंजिनियरिंग विभागाकडे आहे, तिकडे गेलो तर म्हणाले रेक्टरमार्फत अर्ज करा.

याच्यातली गंमत बघा. बिल्डिंग मजबूत असेल तर ही सही कशाला हवी? आणि मजबूत नसेल तर किल्ली कशी देता? बरं, एकोणीस वर्षांच्या मुलीकडून परीक्षेच्या तोंडावर असली सही घेऊन जबाबदारी झटकता येते असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा वकिलाला विचारावं. ते कागद मुलांना घाबरवायला असतात, बाकी त्यांचा उपयोग फार होत नसावा.

प्रशासनाची बाजू मला माहीत नाही असं नाही. विद्यापीठांना मेंटेनन्सला पैसे मिळत नाहीत, नवीन बिल्डिंगला निधी मिळतो कारण उद्घाटनाला पाटी लावता येते, जुन्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचं उद्घाटन कुणी मंत्री करत नाही. रेक्टर बिचारा बहुतेक ठिकाणी प्राध्यापकच असतो, अतिरिक्त कार्यभार म्हणून गळ्यात पडलेलं काम. आणि एक भीती खरी आहे, की रिपोर्ट उघड केला आणि त्यात सी-२बी आलं तर पालक उद्याच सामान उचलतील, पेपरात बातमी येईल, चॅनलवाले येतील. पण मला वाटतं भीती पसरते ती अर्धवट माहितीने. पोरांच्या ग्रुपवर सळई दिसणाऱ्या छताचा एक फोटो फिरला की त्याच्यापुढे तुमचं परिपत्रक काय टिकणार. उलट रिपोर्ट समोर असेल तर निदान वाद त्या रिपोर्टवर होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कागद असला म्हणून बिल्डिंग उभी राहते का? नाही राहत. मुंबईत १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती पुरे असा शेरा होता. त्याआधी २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली, ६१ माणसं गेली. ती इमारत कुणाची? खुद्द पालिकेची, आणि राहणारी कुटुंबं पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. जी पालिका सगळ्या शहराला नोटिसा धाडते तिच्या स्वतःच्या इमारतीत हे झालं. विद्यापीठाचंही दुखणं हेच आहे. मालक विद्यापीठ, दुरुस्ती करून घेणारं विद्यापीठ, काम बरोबर झालं म्हणून शिक्का मारणारा इंजिनियर विद्यापीठाचाच नाहीतर त्याने नेमलेला, आणि तक्रार करायची तर विद्यापीठाकडेच. सोसायटीत निदान मालक आणि राहणारा एकच असतो, त्यामुळे स्लॅब पडला तर स्वतःच्याच डोक्यात पडणार हे त्याला ठाऊक असतं.

म्हणूनच कागद नुसता असून भागत नाही, तो उघडा हवा आणि दुसऱ्या कुणालातरी तपासता आला पाहिजे. मुंबईत दोन ऑडिट रिपोर्ट एकमेकांशी जुळले नाहीत की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. विद्यार्थ्यांना असा दुसरा रिपोर्ट मागायचा रस्ता का नको? आणि एक गोष्ट तर मला कायम नवलाची वाटत आलीये, ज्या विद्यापीठांच्या छत्राखाली सिव्हिल इंजिनियरिंगची कॉलेजं आहेत त्यांच्या हॉस्टेलचे स्लॅब पडतात. दुसऱ्या कॉलेजच्या सिव्हिलच्या प्राध्यापकांना बोलवा, शेवटच्या वर्षाच्या मुलांना सोबत घ्या, हातोडी आणि खडू द्या त्यांच्या हातात. निर्णय लायसन्सवालाच देईल, पण बद्द वाजणारा बीम कुठला हे तरी दहा जणांना कळेल.

पैशांचं पण बोलायला हवं, कारण मुलं धोक्याच्या बिल्डिंगमध्ये परत येतात त्याचं खरं कारण पैसा आहे. दुरुस्ती लांबली की बाहेर कॉट बेसिसवर राहायचं, डिपॉझिट, मेसचे वेगळे, येण्याजाण्याचे वेगळे. हॉस्टेलची फी आधीच भरलेली, ती परत मिळत नाही, पुढच्या टर्ममध्ये ॲडजस्ट करू असं सांगतात. सरकारला बाहेर राहायला किती लागतं ते माहीत नाही असं अजिबात नाही. स्वाधार योजनेत, ज्या अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी हॉस्टेल मिळत नाही त्यांना मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार रुपये धरलेत. ती रक्कम पुरते का हा वेगळा विषय, पुण्यात राहणारा कुणीही हसेल, पण म्हणजे महिन्याला ५ हजार हा सरकारचा स्वतःचाच हिशोब झाला ना. मग दुरुस्तीसाठी बाहेर काढलेल्या प्रत्येक मुलाला, जातीपातीचा प्रश्न न आणता, तेवढे तरी महिन्याच्या महिन्याला द्या. दोन फायदे होतील, मूल घाईने परत यायच्या दबावाखाली राहणार नाही, आणि दुरुस्ती रखडली तर विद्यापीठाच्या खिशाला दर महिन्याला चिमटा बसेल. आत्ता रखडल्याचा खर्च पूर्णपणे मुलांच्या खिशातून जातो म्हणून ती रखडते.

यात आणखी एक वर्ग आहे ज्याचा कुणी उल्लेखच करत नाही, पॅरासाइट. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या लोकांना शब्द माहीत आहे, ज्याच्या नावावर खोली नाही पण जो मित्राच्या खोलीत राहतो, बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेवाला, नाहीतर ज्याचा नंबर यादीत लागला नाही तो. ढाक्यात याचाच मोठा अवतार म्हणजे गणरूम, एकेका खोलीत पहिल्या वर्षाची मुलं ओळीने जमिनीवर झोपायची. असा मुलगा दुरुस्तीच्या वेळी बाहेर पडला की परतीच्या यादीत नसतोच. मी काही पॅरासाइटला कायदेशीर करा म्हणत नाही, भार वाढतो, संडासांवर ताण येतो, हे सगळं खरं आहे. पण रिकामं करताना डोकी मोजा आणि भरताना डोकी मोजा, आणि दोन्हीतला फरक किती आला ते मान्य तरी करा, कारण तेवढ्या पोरांना राहायला जागा नव्हती हे विद्यापीठाला तोपर्यंत सोयीने दिसत नव्हतं.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली, कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, ते का? कारण शाळा असून भागत नाही, खेड्यातल्या पोराला गावात झोपायला जागा लागते हे त्यांना कळलं होतं. आजही हॉस्टेल बंद झालं की मुंबई-पुण्यातल्या घरी राहणाऱ्या मुलाचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते नंदुरबारच्या, हिंगोलीच्या, गडचिरोलीच्या मुलाचं, आणि मुलीचं जास्त, कारण घरचे म्हणतात आलीच आहेस तर राहा आता इथेच, कशाला त्या पडक्या बिल्डिंगमध्ये, आणि तो विषय तिथेच संपू शकतो.

भाचीला मी शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावला. खासगी विद्यापीठात हा रस्ता इतका सरळ नसतो, पण सरकारी विद्यापीठात आहे. एरवी उत्तराला ३० दिवस असतात, पण माहिती माणसाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत द्यावी अशी तरतूद २००५ च्या कायद्यात आहे. माहिती अधिकारी ते मान्य करेलच असं नाही, बहुतेक नाहीच करणार, तरी अर्जात लिहायचंच, कारण आपण ज्या छताखाली झोपतो त्याचा रिपोर्ट हा जिवाचा विषय नसेल तर कुठला असेल. साधा कागद, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. तिने मागितलंय ते असं: दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट, इमारतीला दिलेली श्रेणी, कुठल्या बीम-कॉलमला काय केलं त्याचा तपशील, कॉन्ट्रॅक्टरचं अंतिम बिल, आणि काम कुणी तपासून पास केलं त्याचं नाव-हुद्दा. बिल मुद्दाम मागितलंय. रिपोर्टमध्ये काहीही लिहिता येतं, बिलात मायक्रो काँक्रीटची किती पोती लागली आणि पेंटचे किती डबे लागले ते दिसतं.